दरजा भरायच्या आहेत : फुटाला वीस की पंचावन्न?

गेल्या दिवाळीनंतर चुलतभावाचा पारनेरहून फोन आला. गावाकडच्या घराच्या मागच्या भिंतीच्या दरजा रिकाम्या झाल्या होत्या. पावसाळ्यात आतल्या खोलीत ओल येत होती, उंदरांनी भिंतीत घरं केली होती. त्यानं दोघांना भाव विचारला. पहिला ठेकेदार म्हणाला, फुटाला वीस रुपये, चार दिवसांत मोकळं करून देतो. दुसरे वयस्क गवंडी. त्यांनी भिंतीशी उकिडवं बसून खिशातल्या खिळ्यानं दोन-तीन ठिकाणी टोकरलं, आतून निघालेला खडा बोटांत चुरडला आणि म्हणाले, "पंचावन्न पडतील. काम दोन आठवड्यांचं. आणि चुना त्याच्या आधी महिनाभर भिजत घालावा लागेल."

भिंत एकच. तीस फूट लांब, दहा फूट उंच, म्हणजे तीनशे चौरस फूट. एकीकडे सहा हजार, दुसरीकडे साडेसोळा हजार. भावाचा प्रश्न सरळ होता : म्हातारबाबा मला फसवतायत का?

फसवत नव्हते. वीसचा भावही खोटा नव्हता, पण तो दुसऱ्याच भिंतीचा होता. नव्या विटेच्या भिंतीला तो शोभला असता. ही गोष्ट मी खात्रीनं सांगू शकलो, कारण सहा वर्षांपूर्वी आमच्या वाटणीच्या भिंतीला मी स्वस्तातला भाव मान्य केला होता आणि त्याची किंमत पुढे मोजली. ते पुढे सांगतो. आधी भिंत ओळखायला शिकू, कारण भाव भिंतीवर ठरतो.

खिळा आणि पेलाभर पाणी

दोन दगडांच्या किंवा दोन विटांच्या मधली फट म्हणजे दरज. ती बाहेरून इंच-दोन इंच मोकळी करून नव्या मालानं भरायची, याला गवंडी 'दरजा भरणं' म्हणतात, ठेकेदार 'पॉइंटिंग' म्हणतात. काम एकच.

आपल्या नगर जिल्ह्यात भिंतींचे ढोबळ चार प्रकार भेटतात. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या गावांतली जुनी घरं, वाडे आणि गढ्या बहुतेक काळ्या दगडाच्या आणि मातीच्या : दोन्ही अंगांना दगडाची तोंडं, मध्ये माती आणि चिपांचं पोट, आणि बाहेरून चुन्याची दरज. नगर शहरातल्या जुन्या वाड्यांत जोतं दगडाचं आणि वर पातळ जुनी वीट चुन्यात, असं दिसतं. त्यानंतरच्या काळातल्या शाळा, कारखान्यांच्या वसाहती, क्वार्टर्स यांत खांडकी किंवा डबर सिमेंटमध्ये बसवलेला असतो. आणि अलीकडची घरं नव्या भट्टीच्या विटेची, सिमेंटमधलीच.

घर कोणत्या काळातलं, एवढ्यावरून निम्मा उलगडा होतो. आपल्या देशात सिमेंटचा कारखाना पोरबंदरला १९१४ साली चालू झाला, आणि खेडेगावात पोतं पोचायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. पणजोबांनी बांधलेल्या घरात सिमेंट दिसलं, तर ते मागाहून कोणीतरी लावलेलं असतं.

उरलेला निम्मा उलगडा खिळ्यानं होतो. वरवरच्या थरावर जाऊ नका, दोन इंच आतला माल काढा. खिळ्यानं ओरखडा ओढला आणि पांढरी भुकटी पडली, तर चुना. ओरखडाच उठला नाही आणि रंग राखाडी असला, तर सिमेंट. खडा पाण्याच्या पेल्यात टाकल्यावर थोड्या वेळात विरघळून गाळ खाली बसला, तर माती. ही परीक्षा भिंतीच्या तीन-चार जागी करा : पायथ्याशी, मध्यावर, पागोळ्यांखाली. जुन्या भिंतीत प्रत्येक पिढीनं आपापलं काहीतरी भरलेलं असतं.

पैसे जातात कुठे

आता हिशेब. मजुरी गावागणिक आणि हंगामागणिक बदलते, म्हणून मी हिशेबासाठी आकडे धरतो : गवंडी दिवसाला ९०० रुपये, बिगारी ६००, सिमेंटचं पोतं ३८०, वाळू किंवा क्रश सँड ब्रासला ६,०००, कळीचा चुना किलोला २०. तुमच्याकडचा भाव वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहील.

पहिली भिंत नव्या विटेची, शंभर चौरस फूट. नऊ इंची वीट आणि एक सेंटिमीटरची दरज असली की भिंतीच्या तोंडाचा साधारण सातवा हिस्सा दरजेचा असतो. पाऊण इंच खोल भरायचं तर सांडलवंड धरून दीड घनफुटाच्या आतबाहेर माल लागतो. एकास तीन मालात सिमेंट अर्ध्या पोत्याहूनही कमी. वाळू दोन-अडीच पाट्या. म्हणजे मालाचा खर्च अडीचशे रुपये. बांधकाम ओलं असतानाच गवंड्यानं दरजा उकरून ठेवल्या असतील, तर एक गवंडी आणि एक बिगारी मिळून एवढं काम दिवसात उरकतात : १,५०० रुपये. झाले १,७५०. परांचीचं थोडं धरलं की फुटाला अठरा ते वीस.

दुसरी भिंत भावाची, दगड-मातीची, तीनशे फूट. इथे दरज रुंद आणि वेडीवाकडी. तोंडाचा पाचवा हिस्सा तरी दरज असते आणि दीड-दोन इंच खोल जावं लागतं. माल बारा घनफूट लागला. पण त्याआधी जुना सैल माल उकरायचा, आणि एक माणूस दिवसाला चाळीस-पंचेचाळीस फुटांच्या वर नीट उकरू शकत नाही. सात दिवस, ४,२०० रुपये. मग धुणं, चिपा ठोकणं, भरणं, दाबणं : जोडीला दिवसाला पन्नास फूट. सहा दिवस, ९,००० रुपये. परांची १,०००. साठ किलो कळीचा चुना १,२००, वाळू ८००, सुरखी (विटेची भुकटी), गोणपाट वगैरे ५००. एकूण १६,७००. फुटाला साडेपंचावन्न. म्हातारबाबांनी खिळ्यानं टोकरून जो आकडा सांगितला तोच.

आता हीच भिंत चुन्याऐवजी सिमेंटनं भरली असती तर? उकरणं तेवढंच. भरणं एखादा दिवस कमी, कारण चुन्याला दाबायला वेळ जातो. माल अडीच पोती सिमेंट आणि वाळू मिळून पावणेदोन हजार. बेरीज साडेचौदा हजारांच्या आसपास. म्हणजे चुना आणि सिमेंट यांत संपूर्ण भिंतीवर दोन-सव्वादोन हजारांचा फरक. आणि उकरणं गाळलं तर? दरजेच्या तोंडावर अर्धा इंच माल थापून तीन दिवसांत जोडी मोकळी होते आणि खर्च येतो सहा हजार. वीसचा भाव तिथून आला होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. लोक चुना महाग म्हणून सिमेंट घेतात, तिथे दोन हजार वाचतात. खरे आठ-नऊ हजार वाचवले जातात ते उकरण्यात, आणि ते वाचवलेले घरमालकाला कळतही नाहीत, कारण भरलेली दरज बाहेरून खोल आणि उथळ सारखीच दिसते. दरजा भरण्याच्या कामात माल स्वस्त आणि हात महाग असतात. म्हणून भाव विचारताना 'फुटाला किती' याच्या आधी 'किती खोल उकरणार' हे विचारा.

माझी भिंत

सहा वर्षांपूर्वी मला हे ठाऊक नव्हतं. ठेकेदारानं उकरलं नाही. दरजांवरून तारेचा ब्रश फिरवला, वरून सिमेंट थापलं आणि त्यावर दीड इंच रुंद, उठावाची पट्टी ओढली. पट्टीला काळा रंग दिला. भिंत नवी कोरी दिसली, गावात चार जणांनी चांगलं म्हटलं, मी पाहुण्यांना दाखवली.

काळा दगड पाणी पीत नाही. डबराच्या भिंतीत पाण्याचं येणं-जाणं सगळं दरजेतून होतं. चुन्याची दरज सच्छिद्र असते : पावसात थोडी भिजते, उन्हात सुकते, आणि जमिनीतून चढलेली ओलही तिच्यातूनच बाहेर पडते. सिमेंट आटताना आकसतं आणि दगडाच्या कडेला केसाएवढी फट सोडतं. तेवढ्या फटीतून पागोळ्यांचं पाणी आत गेलं, पण सुकून बाहेर पडायला वाट उरली नाही. आतली माती फुगली. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीवर हाताची मूठ आपटली की पोकळ आवाज यायचा. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं : ओळंबा धरला तर मध्यावर साडेचार इंच बाहेर. मग आठ फुटांचा तुकडा उतरवून पुन्हा बांधावा लागला. पट्ट्या काढताना सिमेंटबरोबर दगडांच्या कडा निघाल्या. सुरुवातीला वाचवलेले काही हजार बाजूला राहिले, दुरुस्ती पन्नास हजारांच्या वर गेली. आईचं देवघर त्या भिंतीला टेकून होतं. ते सहा महिने ओसरीवर मांडलेलं होतं, याचं वाईट मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

जुन्या विटेच्या भिंतीत नुकसान वेगळ्या तऱ्हेनं होतं. तिथे वीट सिमेंटपेक्षा मऊ. दरज सिमेंटनं बंद झाली की ओल विटेतून बाहेर पडायला लागते, जाताना क्षार विटेच्या तोंडाशी सोडते. लोणा लागतो, वीट पापुद्र्यांनी गळते आणि काही वर्षांत सिमेंटची जाळी पुढे आणि विटा आत खोल गेलेल्या, असं चित्र दिसतं. नगरच्या जुन्या पेठांतून फिरताना वर मान करून पाहिलं तर अशा भिंती सापडतील.

चुना कच्चा, असं कोणी म्हणालं तर त्याला अकोले तालुक्यात घेऊन जा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ८२ मीटर उंच, दगड-चुन्यातलं. नगरचा भुईकोट किल्ला हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकात दगडी करून घेतला, तेव्हा सिमेंट जगातच नव्हतं. चुन्याला वेळ द्यावा लागतो, एवढीच त्याची अट.

अर्थात प्रत्येक भिंतीला चुना असं माझं म्हणणं नाही. सिमेंटमध्ये बांधलेल्या खांडकीच्या किंवा नव्या विटेच्या भिंतीला सिमेंटचाच माल योग्य. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मऊ विटेच्या घराला मधला मार्ग आहे : सिमेंट एक, चुना एक, वाळू सहा. भरण्याचा माल भिंतीतल्या विटेपेक्षा किंवा आतल्या मालापेक्षा कडक असू नये, एवढं लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

चुना घेताना

कळीचा चुना ताजा, ढेकळांचा घ्या. ढेकूळ पाण्यात टाकलं की ते सुसाट गरम होऊन फुटलं पाहिजे. जे ढेकूळ हाताळताच पीठ होतं, ते हवेनं मेलेलं असतं. पांढऱ्या रंगासाठी पिशवीतून मिळणारी भुकटी या कामाला भरवशाची नाही. इमारतीच्या चुन्यासाठी आयएस ७१२ हे भारतीय मानक आहे. बंद पोत्यातला चुना घेणार असाल तर पोत्यावर तो आकडा शोधा.

चुना विरवताना आधी पाणी, मग चुना. उलट केलं तर उसळून अंगावर येतं. लोखंडी पिंप वापरा, प्लास्टिकचं उष्णतेनं वाकतं. डोळ्यांना चष्मा, हातांना मोजे, आणि पोरंबाळं आसपास नकोत. डोळ्यात गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्यानं लगेच धुवत राहा आणि डॉक्टर गाठा. विरवलेला चुना वर चार बोटं पाणी ठेवून निदान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर मुरू द्या. मग तो लोण्यासारखा होतो आणि थापीला चिकटत नाही.

मुरलेला चुना एक आणि वाळू तीन. वाळूतला चौथा हिस्सा सुरखीचा असला तर माल लवकर धरतो आणि ओलीलाही टिकतो. सुरखी म्हणजे विटेची भुकटी, पण खंगर विटेची नव्हे. जास्त भाजलेली वीट चुन्याशी मिळत नाही, बेताच्या भाजणीची लाल वीट किंवा जुनी कौलं कुटा. क्रश सँडमध्ये धूळ फार असते, ती चाळून आणि धुऊन घ्या. पूर्वी हा सगळा माल बैलांच्या घाण्यात दगडी चाकाखाली दळला जाई. आता घाणा कोण चालवणार, पण माल नुसता कालवून चालत नाही. धुमसानं किंवा फावड्याच्या पाठीनं तो अर्धा तास तरी कुटला पाहिजे. कुटताना तो आपोआप सैल होतो, जास्तीचं पाणी घालावं लागत नाही.

गूळ आणि हिरड्याच्या पाण्याबद्दल लोक विचारतात. जुने कारागीर दोन्ही घालत, आणि हिरडा आपल्या अकोल्याच्या डोंगरात गोळा होतो. पण प्रमाण हातात असलेला माणूस समोर असेल तरच घाला. साखर जास्त झाली की माल धरायचंच विसरतो. सिमेंटच्या मालात तर गूळ कधीच नको.

काम चालू असताना काय पाहायचं

आमच्या भावाकडे म्हातारबाबा काम करत होते तेव्हा मी दोन दिवस जाऊन बसलो. सकाळी पहिलं काम पाण्याचं. उकरलेली दरज त्यांनी वरून खाली धुतली, मग तासभर थांबले. दगड ओला पण चमक गेलेला, असा झाल्यावर माल हातात घेतला. डाव्या हातातल्या फळीवर मालाची वडी, उजव्या हातात बोटाएवढ्या रुंदीची लहान थापी. खोल खड्ड्यात आधी माल, मग दगडाची चीप हातोडीनं टक-टक बसवायची, पुन्हा माल. इंचापेक्षा खोल दरज त्यांनी एका दमात भरली नाही : आज अर्धी, उद्या उरलेली. भरून झाल्यावर मालाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तो अंगठ्याला जेमतेम दबेल एवढा झाल्यावर थापीच्या कडेनं करकचून दाबला, आणि ताठ केसांच्या ब्रशनं ठोकून पृष्ठभाग खरखरीत केला. मी विचारलं, गुळगुळीत का नाही? म्हणाले, "घोटलं की साय वर येते. तिनं श्वास कोंडतो."

उठावाची पट्टी त्यांनी केली नाही आणि तुम्हीही करू नका. तिच्यासाठी फुटाला वरचे पैसे मागतात, वरच्या कडेवर पाणी साठतं, आणि ती दगडाच्या तोंडावर नुसती चिकटलेली असते म्हणून निघते. दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आत असावी.

उकरायला ग्राइंडर आणला तर काम थांबवा. चाक उभ्या दरजेत वर-खाली दगडाची किंवा विटेची कड खातं आणि ती जखम भरून येत नाही. माती-चुन्याच्या दरजेला तो लागतही नाही, छिन्नी आणि लोखंडी आकडी पुरते. जुनं कडक सिमेंट काढायचं असेल तर आडव्या दरजेच्या मधोमध एक चीर मारायला तो चालेल, बाकीचं छिन्नीनं. असं काम दुप्पट वेळ खातं, त्याचा भाव वेगळा आणि जास्त द्यावा लागतो. तो मागणारा माणूस प्रामाणिक समजा.

मोजायला साधी युक्ती : पेन्सिलीवर एक इंच आणि दोन इंचांच्या खुणा करा आणि उकरलेल्या दरजेत ती घालत चला. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट हवी, आणि पाऊण इंचाच्या आत कुठेच नको.

पाणी मारणं ही घरातल्या माणसानं अंगावर घेण्याची गोष्ट आहे. सिमेंटच्या दरजेला सात ते दहा दिवस, दिवसातून दोन-तीनदा. चुन्याच्या भिंतीवर ओलं गोणपाट सोडून तीन आठवडे दमट ठेवायचं. पाण्याची धार नको, शिंपण हवं. आपल्याकडे उन्हाळ्यात हे जमत नाही : नगर, पाथर्डी, शेवगावच्या एप्रिलच्या वाऱ्यात माल धरायच्या आधी वाळतो आणि बोटानं झडतो. दिवाळी ते माघ हा उत्तम काळ. अडचण एकच, त्याच दिवसांत पाथर्डी-जामखेडकडची कितीतरी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात आणि बिगारी मिळत नाही किंवा महाग मिळतो. म्हणून गवंड्याशी बोलणी गणपतीतच करून ठेवा आणि चुना दसऱ्याला भिजत घाला. अकोल्याच्या पश्चिमेला, भंडारदरा-घाटघरच्या पट्ट्यात, सुरखी घातल्याशिवाय चुना वापरू नका आणि काम फेब्रुवारीच्या आत संपवा. तिथला पाऊस कोवळ्या दरजेला दया दाखवत नाही.

जिथे हात लावू नये

काही दरजा रिकाम्याच बऱ्या. रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ घ्या किंवा अकोल्याचं सिद्धेश्वराचं : दगडावर दगड कोरडे बसवलेले, मध्ये चुना नाहीच. गावोगावच्या हेमाडपंती देवळांना श्रद्धेपोटी सिमेंट भरून ऑइलपेंट लावलेला मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. वर्गणी जमली असेल तर ती देवळावरचं झाड मुळासकट काढायला आणि पावसाचं पाणी लांब वळवायला लावा, आणि त्याआधी पुरातत्त्व विभागाला विचारा.

विहिरीच्या बांधकामात पाण्याच्या पातळीखालच्या दरजा भरू नका, पाझर तिथूनच येतो. वरचा काठ आणि मोटेची जागा भरली तर पुरे. शेताच्या तालीत आणि मातीला आधार देणाऱ्या भिंतीत पाणी निघायला ठेवलेली भोकं असतात, ती गवंडी उत्साहानं बुजवतो. त्यांत आधी काठी खुपसून ठेवायला सांगा.

नगर शहरात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहायचं. दमडी मशीद, फराहबाग यांसारख्या केंद्र सरकारनं संरक्षित केलेल्या स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत तुमचं घर असेल, तर १९५८ च्या स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनुसार तिथे नव्या बांधकामाला मनाई आहे आणि घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या दोनशे मीटरांतही नियमन आहे. दरजा भरणं किरकोळ वाटलं तरी परांची उभी करण्याआधी चौकशी करा, नाहीतर अर्ध्यावर काम थांबतं आणि उकरलेली भिंत उघडी पडून राहते.

कागदावर काय लिहायचं

साधी वही चालेल, पण लिहा. मोजमाप चौरस फुटात की ब्रासमध्ये (शंभर चौरस फुटांचा एक ब्रास) आणि दारं-खिडक्या वजा धरायच्या की नाही. उकरण्याची खोली. माल कशाचा, प्रमाण किती, कोण आणणार. परांची, पाणी, राडारोडा उचलणं कोणाकडे. दगडांवर सांडलेला माल त्याच दिवशी पुसायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य : "उकरून झाल्यावर मालकाला दाखवायचं, मग भरायचं." या एका वाक्यानं वीसचा भाव देणारे बरेचसे आपण होऊन मागे जातात.

सुरुवातीला तीन फूट बाय तीन फुटांचा नमुना करून घ्या, आठवडाभर सुकू द्या, पसंत पडला तर पुढे. पैसे तीन टप्प्यांत : उकरणं पाहिल्यावर एक हिस्सा, भरल्यावर दुसरा, आणि दहा टक्के पहिल्या पावसापर्यंत राखून. हे आधी ठरलेलं असलं की कोणाला अपमान वाटत नाही. मोठं काम असेल, देवस्थानचं किंवा शाळेचं, तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला पॉइंटिंगचा दर पाहून घ्या. तो चौरस मीटरला असतो, १०.७६ नं भागलं की फुटाचा भाव निघतो. पण ती दरसूची मुख्यतः नव्या कामासाठी असते, जुनं उकरण्याचा दर त्यात वेगळा पाहावा लागतो.

पैसे कमीच असतील तर सगळी भिंत एकदम करू नका. पायथ्यापासूनचे तीन फूट आणि पागोळ्यांखालचा पट्टा आधी करा, पाणी तिथेच मारतं. भावाच्या भिंतीला हे केलं असतं तर शंभर-सव्वाशे फुटांत, सहा-सात हजारांत भागलं असतं. आणि छपराचं पन्हाळ गळत असेल तर दरजांच्या आधी ते बदला, नाहीतर भरलेली दरज पुन्हा धुऊन जाईल.

भावानं शेवटी सगळी भिंत केली. मार्गशीर्षात उकरली, पौषात भरून झाली, तीन आठवडे वहिनींनी सकाळ-संध्याकाळ गोणपाट भिजवलं. उकरलेली माती बाबांनी फेकू दिली नाही, चाळून तीच पुन्हा आतल्या पोकळ्यांत भरायला घेतली. राखून ठेवलेले सोळाशे रुपये मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर द्यायचे होते. त्या दिवशी बाबा आले, चहा बाजूला ठेवून आधी आतल्या खोलीत गेले, भिंतीला पालथा हात लावून पायथ्यापासून कोनाड्यापर्यंत चाचपत उभे राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "कोरडी हाय. द्या आता."